टेलिफोनवालीचा शेवट

"नाही," बाई म्हणाल्या.

समोर हस्तलिखित घेऊन बसलेल्या मुद्रितशोधकाने चष्म्यावरून पाहिलं. त्याला सगळे कानामात्रा म्हणत. त्याने तेच वाक्य पुन्हा वाचलं, या वेळी सावकाश, जणू बाईंना कमी ऐकू येत होतं: "शेवटच्या प्रकरणात टेलिफोनवाली खुन्याचा फोन गावातल्या सगळ्या घरांना एकदम जोडून देते, आणि सारं गाव त्याची कबुली त्याच्याच आवाजात ऐकतं."

"नाही म्हटलं ना," बाई म्हणाल्या आणि हातातली कादंबरी टेबलावर पालथी टाकली.

विद्यापीठाचा हा प्रकाशन विभाग म्हणजे परीक्षा भवनाच्या मागच्या अंगाच्या तीन खोल्या. एकीत न खपलेल्या पुस्तकांचे गठ्ठे, दुसरीत कागद कापायचं जुनं यंत्र आणि तिसरीत संपादकबाई आणि कानामात्रा. खुर्च्या परीक्षेच्या हॉलमधून बाद झालेल्या, उजव्या हाताला लिहायची फळी असलेल्या, त्यामुळे डावखुऱ्या माणसाने इथे नोकरी मागायला येऊच नये. पण इथली एक रीत मोठमोठ्या प्रकाशकांकडे नव्हती. पुस्तकात कुठल्याही कादंबरीतला उतारा आला, प्रसंग आला, नुसता उल्लेख जरी आला, तरी एकाने हस्तलिखित मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने मूळ पुस्तक हातात घेऊन ते त्यात आहे का ते बघायचं. असलं तर "आहे" म्हणायचं, नसलं तर "नाही". मध्ये तिसरा शब्द नाही. हिला ते पडताळणी म्हणत. बाईंचा या रीतीवर जितका जीव होता तितका आयुष्यात फार थोड्या माणसांवर होता.

तर त्या टेलिफोनवाल्या कादंबरीत खरोखर काय होतं? खुन्याला समोर पाहून गावच्या टेलिफोन केंद्रातली ती टेलिफोनवाली बेशुद्ध पडते. इन्स्पेक्टर तिला अलगद झेलतो. पुढच्या पानावर तिने नोकरी सोडलेली असते, इन्स्पेक्टरशी लग्न केलेलं असतं, आणि त्याखाली ठसठशीत अक्षरांत छापलेलं असतं: समाप्त.

एखादं पान गळालं असेल, असं कानामात्राने चाचरत सुचवलं. समाप्तच्या पुढे कोण पान लावतं, असं बाईंनी त्याला विचारलं. तरी त्याने दुसऱ्या वाचनालयातून आणखी एक प्रत आणली. तिच्यातही टेलिफोनवाली बेशुद्धच पडली.

आता हे एखाद्या ऐऱ्यागैऱ्या पुस्तकात घडलं असतं तर बाईंनी लेखकाला चार शब्द सुनावून विषय संपवला असता. पण या पुस्तकावर त्यांचं सगळं काही पणाला लागलं होतं. विभागाची 'राष्ट्रीय साहित्य अभ्यासमाला' जुनी होती. जाड पुठ्ठ्याचे, सोनेरी अक्षरांचे ग्रंथ, ज्यांना विकत घेणारे थोडे, वाचणारे त्याहून थोडे आणि समारंभात भेट देणारे उदंड. बाईंचं म्हणणं असं की या देशातल्या माणसांनी जे खरोखर वाचलं, दवाखान्याच्या बाकावर, दुकानाच्या गल्ल्यामागे, पाठ्यपुस्तकात लपवून, त्याचाही कुणीतरी नीट अभ्यास केला पाहिजे. त्या स्वतः अशाच कादंबऱ्यांवर वाढल्या होत्या. प्रकाशन समितीचे अध्यक्ष हे ऐकून नाक मुरडत. अध्यक्षांना पाठीमागे सगळे प्रस्तावना म्हणत, कारण विभागाचं एकही पुस्तक त्यांच्या प्रस्तावनेशिवाय निघत नसे आणि त्यातली एकही प्रस्तावना त्या पुस्तकाविषयी नसे. वर्षानुवर्षं भांडून बाईंनी शेवटी 'लोकप्रिय कादंबरी अभ्यासमाला' पदरात पाडून घेतली होती, तीही एका अटीवर. पहिलं पुस्तक समितीला पसंत पडलं तर माला चालू, नाही तर तिथल्या तिथे गाशा गुंडाळायचा.

आणि ते पहिलं पुस्तक लिहिलं होतं बाईंच्या सख्ख्या थोरल्या भावाने.

बाई नको नको म्हणत होत्या. पण दादा साहित्य विभागाचा प्रमुख, राष्ट्रीय साहित्यावर नाव कमावलेला. त्या क्षेत्रात आता बसायला जागा उरली नव्हती आणि लोकप्रिय साहित्याचं मैदान मोकळं दिसलं, म्हणून तो इकडे वळला होता. समितीनेच त्याला निवडलं. पुस्तकाचं नाव 'राष्ट्राचा कान'. त्याचा सगळा सिद्धांत त्या एका शेवटावर उभा होता: टेलिफोनवाली सगळ्या तारा जोडते आणि राष्ट्र पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकतं. 'आपल्या भाषेतला सर्वांत धीट शेवट', असं त्याने लिहिलं होतं. बाईंनी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या खुर्चीतून उठून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या. इतकं चांगलं काही आपल्या वाचनातून कसं सुटलं, याची त्यांना हळहळ वाटली होती. आता त्या हळहळीचीसुद्धा त्यांना चीड आली.

पुढची पडताळणी दात-ओठ खातच झाली. प्रेमकथेतली नायिका दोन्ही उमेदवारांना नकार देऊन स्वतःचं दुकान काढते: नाही. भुताटकीच्या वाड्यातलं भूत मालकाला भाडं विचारतं: नाही. नायकाची आई शेवटी पोलिसांना सांगते की मुलगा खोटं बोलतोय: नाही. दादाने ज्याची ज्याची वाहवा केली होती ते ते सगळं 'नाही' निघालं. ज्याच्यावरून तो घाईघाईने पुढे गेला होता ते मात्र तंतोतंत 'आहे'.

कळस केला होता तो बाहेरच्या परीक्षकाने. प्रत्येक हस्तलिखित नाव झाकून एका तज्ज्ञाकडे जाई. या तज्ज्ञाने अभिप्रायात लिहिलं होतं की टेलिफोनवालीचा तो शेवट एकदा वाचलेला माणूस जन्मात विसरत नाही. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे त्या महाभागानेही कादंबरी वाचली नव्हती.

त्यांनी दादाला फोन लावला. दादाने शांतपणे ऐकून घेतलं आणि क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं की तो शेवट पहिल्या आवृत्तीत आहे, पुढे प्रकाशकाने तो मिळमिळीत केला असणार. तू वाचलीस का ती आवृत्ती, असं बाईंनी सरळ विचारलं.

"ठिणगे," दादा म्हणाला. घरात बाईंना त्यांच्या स्वभावामुळे लहानपणापासून ठिणगीच म्हणत. "शंका काढणं हा तुझा धंदा आहे. माझ्याकडे टिपणं आहेत."

टिपणं आहेत तर पुस्तकही असेल, असं म्हणून बाई दुसऱ्या दिवशी दादाच्या तासांची वेळ साधून त्याच्या घरी जाऊन थडकल्या. पहिली आवृत्ती कपाटातून स्वतःच्या हाताने काढायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

वहिनी बाल्कनीत दादाच्या शर्टांना इस्त्री करत होती. ती सकाळी बालवाडीत शिकवायची आणि दुपारभर घरी असायची. तिच्या बोलण्याला धार होती आणि ती धार ती हसण्यात गुंडाळून ठेवायची. बाईंनी पहिल्या आवृत्तीची चौकशी केली तेव्हा तिने इस्त्री उभी करून ठेवली आणि ती खो खो हसत सुटली.

"पहिली आवृत्ती?" ती म्हणाली. "ही काय, तुझ्यासमोर उभी आहे."

बाईंना उलगडायला थोडा वेळ लागला. दादाने त्या कादंबऱ्या वाचल्याच नव्हत्या. त्याला त्या वाचवत नसत. दोन पानांत त्याचं डोकं चढे. तुला नाहीतरी असलं आवडतंच, तू वाच आणि मला सांग, असं म्हणून तो गठ्ठेच्या गठ्ठे आणून वहिनीपुढे टाकी. वहिनी दुपारी वाचायची आणि जेवताना सांगायची. दादा उंटावरून शेळ्या हाकत होता, आणि शेळ्या राखत होती ही.

"सुरुवातीला मी खरं खरं सांगायचे गं," वहिनी म्हणाली. "तो नुसता हूं हूं करत जेवायचा. पेनाला हात नाही लावायचा. एक दिवस मलाच त्या बेशुद्ध पडणाऱ्या बायकांचा वीट आला. म्हटलं, पडू नकोस बाई, उभी राहा. आणि तिला सगळ्या घरांचे फोन जोडायला लावले. त्यानं ताट बाजूला सारलं, पेन काढलं, आणि मला म्हणाला, 'पुढे?'"

तिने शर्टाची कॉलर उगाचच पुन्हा सरळ केली.

"इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं मला 'पुढे?' असं कधी विचारलं नव्हतं. मग मी थांबलेच नाही."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. बाईंना वहिनीचा राग आला, मग त्या शेवटांची आठवण झाली, आणि राग दादाच्या अंगावर जाऊन पडला. ऋणनिर्देशाचा मसुदा त्यांनी वाचला होता. त्यात दादाने ग्रंथालयाचे, टंकलेखकाचे, विभागाच्या शिपायाचे आभार मानले होते, आणि सर्वांत शेवटी 'वेळेवर चहा व घरातील शांतता' यासाठी पत्नीचे. तू हे त्याला आज्जच्या आज्ज सांग, नाहीतर मी सांगते, असं बाई तावातावाने म्हणाल्या.

तेव्हा वहिनीचं हसणं थांबलं. तिने बाईंचा हात धरला आणि एकच गोष्ट मागितली: हे त्याला तिच्या तोंडून कळू दे. बाईंनी मध्ये पडायचं नाही. समितीच्या बैठकीच्या आधी ती सांगेल. बाईंनी शब्द दिला. त्यांच्या शब्दाला मान होता, निदान त्यांच्या स्वतःच्या लेखी तरी.

बैठकीच्या दिवशी दादा वहिनीला घेऊन आला. पहिल्या पुस्तकाचा दिवस म्हणून प्रस्तावनांनीच घरच्यांना चहाला बोलावलं होतं. दादा पुढे तरातरा निघून गेला आणि जिन्यापाशी बाईंनी वहिनीला गाठलं. वहिनीने मान हलवली.

सुरुवात केली होती, पण तो म्हणाला आत्ता नको, मी ऋणनिर्देश लिहितोय. हे सांगताना वहिनीला हसू आलं, बाईंना आलं नाही. आज घरी गेल्यावर नक्की सांगते, कसं सांगायचं तेही ठरवलंय, बैठक तेवढी पार पडू दे, असं ती म्हणाली. बैठकीनंतर सांगून काय उपयोग, पुस्तक तोवर मंजूर झालेलं असेल, बाई म्हणाल्या. तू शब्द दिलायस, वहिनी म्हणाली.

आता बाईंपुढे दोन वाटा होत्या. गप्प बसलं तर पुस्तक मंजूर, माला चालू, वर्षानुवर्षांच्या भांडणाचं चीज. वर दिलेला शब्दही राहतो. फक्त पडताळणीच्या कागदावर 'आहे' असं लिहून खाली सही ठोकायची. तोंड उघडलं तर सगळं मुसळ केरात. बाई आत जाताना मनाशी घोकत होत्या की आपण प्रकृतीचं निमित्त सांगू, बैठक पुढे ढकलू. त्यांचं खरंच तसं ठरलं होतं.

पण मग मंडळींनी तोंडं उघडली.

प्रस्तावना म्हणाले की सुरुवातीला आपला या मालेला विरोध होता हे खरं, पण टेलिफोनवालीचा तो शेवट वाचला आणि बालपण आठवलं. आपण तो शाळेत असताना चादरीखाली टॉर्च लावून वाचला होता. ग्रंथपालांनी लगेच री ओढली: त्यांच्या आईने त्यांना तो वाचून दाखवला होता, आणि वाचता वाचता आईचा आवाज कापत होता. वित्ताधिकारी सहसा आकड्यांपलीकडे काही बोलत नसत. तेही म्हणाले की त्या सगळ्या घरांत एकदम वाजणाऱ्या घंटा आपल्याला अजून ऐकू येतात. जे कधी छापलंच नव्हतं ते सगळ्यांनी वाचलं होतं, आणि लहानपणी वाचलं होतं. दादा खुर्चीत मागे रेलून नम्रपणे हसत होता. वहिनी दारापाशी बसली होती. एकेकाचं ऐकताना तिचा चेहरा फुलत होता, हे बाईंना दिसलं असतं, पण बाई तेव्हा टेबलाकडे बघत होत्या आणि त्यांची कानशिलं तापली होती.

मग दादाने उभं राहून ऋणनिर्देश वाचला. वेळेवर चहा व घरातील शांतता. सगळ्यांनी कौतुकाने दाराकडे पाहिलं. प्रस्तावना म्हणाले की अशी साथ लाभायला भाग्य लागतं.

"पडताळणी राहिली," बाई म्हणाल्या.

अंतिम बैठकीत एका पानाची पडताळणी सर्वांसमोर करायची, असा नियम होता. पण त्याचा केव्हाच उपचार होऊन बसला होता. चहा येईस्तोवर उरकून घ्या, असं प्रस्तावना म्हणाले. बाईंनी कानामात्राला पानाचा आकडा सांगितला. त्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि वाचलं. टेलिफोनवाली खुन्याचा फोन गावातल्या सगळ्या घरांना एकदम जोडून देते.

"नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी मूळ कादंबरीचं शेवटचं पान मोठ्याने वाचून दाखवलं. बेशुद्ध पडण्यापासून समाप्तपर्यंत.

दादा म्हणाला की हा पहिल्या आवृत्तीचा प्रश्न आहे आणि ती आता दुर्मीळ आहे. प्रस्तावनांना हायसं वाटलं. बरोबर, आपण चादरीखाली पहिलीच आवृत्ती वाचली होती, असं त्यांनी सांगून टाकलं.

मग मात्र बाईंच्या जिभेला हाड राहिलं नाही. पहिली आवृत्ती त्या दाराशी बसली आहे, त्या म्हणाल्या. या पुस्तकात ज्याची ज्याची स्तुती आहे ते सगळं त्या बाईने जेवणाच्या टेबलावर रचून सांगितलं आहे. लेखकाने कादंबऱ्या वाचलेल्या नाहीत, परीक्षकाने वाचलेल्या नाहीत, आणि चादर, टॉर्च, कापणारा आवाज आणि घंटा या सगळ्या थापा आहेत. त्या हे सगळं एका दमात बोलल्या. बोलताना त्यांना इतकं बरं वाटत होतं की थांबावंसं वाटेना.

दादाने सावकाश मान वळवून बायकोकडे पाहिलं. तिने मान खाली घातली नाही, त्याच्याकडे बघत फक्त होकार दिला. तिच्या ओठांवर काहीतरी बोलणं आलेलं होतं, पण तोवर दादाने तोंड फिरवलं.

"म्हणजे इतके दिवस मी थापा लिहून घेत होतो," तो म्हणाला.

"मघाशी तो भाषेतला सर्वांत धीट शेवट होता," बाई म्हणाल्या.

"मघाशी तो कादंबरीकाराचा होता."

हे त्याने चिडून म्हटलं नाही. एखादी साधी वस्तुस्थिती सांगावी तसं म्हटलं, आणि म्हणूनच बाईंना तो टेबलासकट उचलून फेकावासा वाटला. जगात ज्या एका डोक्यावर हा माणूस भाळला होता ते डोकं त्याच्याच घरात त्याच्याच शर्टांना इस्त्री करत होतं, आणि हे कळल्यावर त्याला पहिली आठवण झाली ती आपल्या फसवणुकीची!

समितीला सावरायला वेळ लागला नाही. ग्रंथपाल म्हणाले की मुळात सगळ्या घरांचे फोन एकदम जोडता येतात का, हाच प्रश्न आहे. वित्ताधिकाऱ्यांना तो शेवट आधीपासूनच जरा भडक वाटला होता. घंटा त्यांना आता ऐकू येत नव्हत्या. प्रस्तावना म्हणाले की लोकप्रिय साहित्याच्या नादी लागलं की असंच हसं होतं, आपण सुरुवातीपासून हेच सांगत होतो.

बाईंनी शेवटचा प्रयत्न केला. हे शेवट छापा, त्या म्हणाल्या. खरे शेवट एका बाजूला, हिचे दुसऱ्या बाजूला, वर हिचं नाव. या कादंबऱ्या वाचणाऱ्या बाईला त्यांच्यातून काय हवं होतं, ते याहून चांगलं कुठला अभ्यास सांगणार आहे?

प्रस्तावनांनी समजूतदारपणे हात पसरले. आपल्याकडे एक माला राष्ट्रीय साहित्याची आणि दुसरी लोकप्रिय साहित्याची, ते म्हणाले. यांचं राष्ट्राला माहीत नाही आणि लोकांनी वाचलेलं नाही. मग हे कुठल्या मालेत बसवायचं? त्यावर थोडी हसाहशी झाली. चहा आला तेव्हा दुसरी मालाही उरलेली नव्हती. तिची कायमची बरखास्ती झाली होती आणि इतिवृत्तात त्यासाठी दीड ओळ पुरली.

दादा चहाला थांबला नाही. वहिनीची वाट न बघता तो निघून गेला.

बाई बाहेर आल्या तेव्हा वहिनी परीक्षा भवनाच्या पायरीवर बसलेली होती. बाईंचं अंग अजून रागाने धगधगत होतं. माला गेली होती, पण सगळ्या ढोंग्यांना त्यांनी तोंडावर पाडलं होतं, आणि वहिनीचं श्रेय चारचौघांत तिच्या पदरात टाकलं होतं. एवढं तरी केलंच, असं त्यांना वाटत होतं. त्या वहिनीशेजारी टेकल्या आणि दादाला शिव्या घालायला लागल्या. तो कृतघ्न आहे, अहंकारी आहे, पालथा घडा आहे. वहिनीने त्यांना मध्येच थांबवलं.

"मी तुझ्याकडे काय मागितलं होतं?"

बाई म्हणाल्या की त्यांना ते बघवलं नाही. चहा आणि शांतता, हे त्यांना ऐकवलं नाही.

"तुला ऐकवलं नाही. मला ऐकवत होतं. मी इतकी वर्षं ऐकतेय." वहिनीचा आवाज चढला नव्हता, पण त्यात हसण्याचं गुंडाळणं नव्हतं. ती धार बाईंनी पहिल्यांदाच उघडी पाहिली. "त्या लोकांना मारायला तुला दगड हवा होता, ठिणगी. हाताशी मी सापडले."

बाईंनी हातातली कादंबरी मांडीवर ठेवली.

"आत ते सगळे माझ्या गोष्टीबद्दल बोलत होते," वहिनी म्हणाली. "खोटं का होईना, बोलत होते. आईचा आवाज कापत होता म्हणे. मी ऐकत होते सुखानं. आणि मी त्याला आज सांगणारच होते. गोष्ट म्हणूनच सांगणार होते. एक बाई असते. तिच्या नवऱ्याला तिचं काहीच ऐकू येत नाही. मग ती एक युक्ती करते. तो म्हणाला असता, 'पुढे?' तो म्हणालाच असता गं. आणि मग मी पुढचं सांगितलं असतं, आणि त्याला ते माझ्याकडून कळलं असतं." तिने पर्स उचलून मांडीवर घेतली. "आता तो मला कधी 'पुढे?' विचारणार नाही."

परीक्षेची घंटा झाली आणि आतली बाकं सरकल्याचा आवाज आला. बाईंना सगळ्यांचा राग आला होता, त्या सगळ्यांत आता त्या स्वतःही येऊन बसल्या, आणि त्या रागाचं काय करायचं ते त्यांना कळेना.

"मला सांग," त्या शेवटी म्हणाल्या. "ती गोष्ट. पुढची सगळी. मी ऐकते ना."

वहिनीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्यांच्या मांडीवर ती टेलिफोनवाली कादंबरी होती आणि शेवटच्या पानात अजून बोट घातलेलं होतं.

"तुला सांगू?" वहिनी म्हणाली. "तू 'आहे-नाही' करत बसशील."

बाई 'नाही' म्हणायला तोंड उघडत होत्या, ते त्यांनी तसंच मिटलं. वहिनी उठली, कपडे झटकले आणि फाटकाकडे चालायला लागली. कानामात्रा मागून आला आणि पुस्तक वाचनालयाला आजच परत करायचं का, असं विचारू लागला.